सत्त्याऐंशीवं पान

१

सत्त्याऐंशीवं पान जागेवर नव्हतं.

ग्रंथपालांनी पुस्तक मिटलं, चष्मा पुसला आणि पुन्हा उघडलं. काही फरक पडला नाही. डावीकडे शहाऐंशी, उजवीकडे थेट एकोणनव्वद. मधे शिवणीला लागून नखाएवढी कागदाची कड उरली होती, धारदार पात्याने सरळ कापलेली.

"उद्या सकाळी इथेच सुनावणी आहे हो, बाई," ते म्हणाले. "अधिकाऱ्यांपुढे हे थोटं पुस्तक ठेवू मी?"

भिंगरी टेबलाभोवती फेऱ्या मारत होती. बसून विचार करणं तिला जन्मात जमलं नव्हतं. लहानपणी दादाने ठेवलेलं नाव साठी उलटली तरी सुटलं नाही, कारण ते तिला शोभतच होतं. सगळी नोकरी तिने पेटंट कार्यालयात परीक्षक म्हणून काढली. कुणी येऊन म्हणालं, "हे मी शोधलं, हे नवं आहे, याच्यावर हक्क माझा," की तो खरं बोलतोय का ते बघायचं. निवृत्त झाली तरी ती खोड गेली नव्हती. म्हणून तर ग्रंथपालांनी पोलिसांच्या आधी तिला बोलावलं होतं.

प्रकरण तिला पाठ होतं. मधमाश्यांच्या पाठीला एक तांबडी कीड चिकटते आणि पेट्याच्या पेट्या रिकाम्या करते. तिच्यावर उपाय म्हणजे रानपुदिन्याच्या अर्कात भिजवलेली लाकडी पट्टी, पेटीतल्या पोळ्याच्या चौकटींमधल्या फटीत टांगायची. इथले मधपाळ वर्षानुवर्षं तेच करत आले. आता एका कंपनीने त्याच पट्टीवर पेटंट मागितलं होतं. ते मिळालं असतं, तर आपल्याच पेटीत आपलीच पट्टी टांगायला कंपनीची परवानगी लागली असती. मधपाळांच्या संघाने हरकत घेतली होती, आणि संघाचा अध्यक्ष होता भिंगरीचा दादा. त्याचं शपथेवरचं म्हणणं सोपं होतं. हा उपाय मधमाश्या पाळणाऱ्या त्याच्या गुरुजींनी कधीच छापून जगाला देऊन टाकलाय. मधमाश्यांवरचं त्यांचं पुस्तक, पान सत्त्याऐंशी. प्रत एकच शिल्लक, या वाचनालयात.

"याची झेरॉक्ससुद्धा नाही?"

"काढायची नाही असा नियम. पुस्तकाचे हक्क गुरुजींच्या मुलीकडे आहेत, आणि तिची परवानगी नाही. मी नियम पाळला."

"तुम्ही नियम पाळला आणि पान गेलं."

ग्रंथपालांचा चेहरा उतरला. भिंगरीने पुस्तक खिडकीपाशी नेलं. शहाऐंशीव्या पानाची शेवटची ओळ होती, "पेटीला रंग देण्याआधी लाकूड". एकोणनव्वदाव्याची पहिली, "आणि दुसरा हात सुकल्यावरच पेटी उन्हात ठेवावी." तिने दोन्ही ओळी पुन्हा वाचल्या. दातात काहीतरी अडकल्यासारखं झालं, पण काय ते कळेना.

"शेवटी कुणी पाहिलं हे?"

"कंपनीच्या वकीलबाईंनी. गेल्या आठवड्यात. निमूट चाळलं, 'छान जपलंय' म्हणाल्या, हसल्या आणि गेल्या."

बाहेर पडताना व्हरांड्यात तिला नवीकोरी खोकी रचलेली दिसली. आत संगणक होते. खोक्यांवर त्याच कंपनीचा शिक्का होता.

२

"देणगी आहे ती," ग्रंथपाल मागून धावत आले. "मागितली होती कधीची, आली आत्ता. बाई, तुम्ही माझ्याकडे असं बघू नका. पान कापायचं असतं, तर मी तुम्हाला कशाला बोलावलं असतं?"

हे तिलाही पटलं. तरी तिने खोक्यांकडे एकदा वळून पाहिलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, पण या माणसाच्या चेहऱ्यावर नुसती भीती होती.

रस्त्यावर येताच तिने दादाला फोन लावला. पलीकडे माश्यांची गुणगुण होती.

"गेलं? पान गेलं?" दादा ओरडला. "मला माहीतच होतं! कंपनीचं काम. त्या वकिलिणीचं. आत्ताच्या आत्ता पोलिसांत जा, वर्तमानपत्रांना कळव."

"आधी कुणी कापलं ते तर बघू दे."

"शोधत काय बसतेस, भिंगरी? उघड आहे ना!"

फोन बंद झाला. वारा सुटला होता, दुकानांच्या पाट्या खडखडत होत्या. दादाचा राग तिला समजत होता. पण चोरी झालेला माणूस आधी विचारतो, "कसं गेलं? कधी गेलं?" दादाने यातलं एकही विचारलं नाही. ती फुटपाथवर क्षणभर थांबली, आणि तिचं तिलाच वाईट वाटलं. सख्ख्या भावाबद्दल असले विचार!

पुस्तक नुकतंच दुरुस्त झालेलं तिने पाहिलं होतं. पाठीला नवं कापड, शिवणीवर पातळ कागदाच्या पट्ट्या. तिने बाइंडरचं दुकान गाठलं.

बाइंडर खळ ढवळत होता. पुस्तकाचं नाव काढताच म्हणाला, "ते माश्यांचं? कणा पार मोडला होता बिचाऱ्याचा. मीच बसवला, गेल्या महिन्यात."

"त्यातलं एक पान नाहीये."

"एकच ना? माझ्याकडे येतात त्यातल्या निम्म्यांचे दात पडलेले असतात, ताई. पानं मोजून घ्यायला मी काय तपासनीस आहे?"

तिने ग्रंथपालांकडून हट्टाने मागून आणलेलं पुस्तक त्याच्यापुढे ठेवलं. त्याने भिंग लावलं, कापलेल्या कडेवरून बोट फिरवलं. मग मस्करी थांबली.

"इकडे बघा. ही माझी पट्टी. ती या कडेवरून पलीकडे गेलीय, वर खळ वाळलीय, आणि कुठेही चिरलेली नाही. नंतर कुणी पातं चालवलं असतं, तर कागदाबरोबर माझी पट्टीही कापली गेली असती."

"म्हणजे?"

"म्हणजे पुस्तक माझ्याकडे आलं तेव्हाच पान गेलेलं होतं."

वकीलबाई तर त्यानंतर आल्या होत्या.

३

वकीलबाई हॉटेलच्या बैठकीत कागद पसरून बसल्या होत्या. भिंगरीला पाहून उठल्या, खुर्ची पुढे केली. भिंगरी उभीच राहिली.

"तुम्ही पुस्तक पाहिलंत तेव्हा पान नव्हतं," ती म्हणाली.

"नव्हतं."

"मग बोलला का नाहीत?"

"कुणाला सांगायचं? ग्रंथपालांना? की ज्यांनी कापलं त्यांना?" वकीलबाईंनी पेनाचं टोपण लावलं. "बाई, तुम्ही माझ्या आधीच्या पिढीच्या. तुमचे निकाल मी अभ्यासलेत, म्हणून आदराने सांगते. उद्या सुनावणीला येऊ नका. जे कळेल ते तुम्हाला आवडणार नाही."

"तुम्हाला काय माहीत आहे?"

"तारखा," त्या म्हणाल्या. "फक्त तारखा."

४

गुरुजींची मुलगी दंतवैद्य होती. भिंगरी पोचली तेव्हा ती एका पेशंटच्या तोंडात वाकून बसली होती, आणि मशीनच्या आवाजात बोलणं शक्य नव्हतं. भिंगरी दारात येरझारा घालत राहिली. शेवटी डॉक्टरच म्हणाल्या, "अहो, तुमच्यामुळे माझा पेशंट घाबरतोय. बसा तरी."

पेशंट गाल धरून गेला. भिंगरीने कुणाची कोण ते सांगितलं, तसा डॉक्टरांचा आवाज बदलला.

"तुमच्या भावाला सांगा, माझी परवानगी मिळणार नाही. अख्खं पुस्तक इंटरनेटवर टाकायला निघाला होता. मला न विचारता! मी जाब विचारला तर म्हणाला, ज्ञानाला मालक नसतो. नसेल. पण बापाला मुलगी असते ना? एकदा येऊन विचारलं असतं, तर मी स्वतः दिलं असतं."

"चुकलंच त्याचं," भिंगरी म्हणाली. "त्यातलं एक पान कुणीतरी कापलंय. किडीवरच्या उपायाचं."

डॉक्टर हातमोजे काढता काढता थांबल्या. "कोणत्या किडीवरच्या?"

"तांबड्या."

"त्या पुस्तकात? शक्यच नाही." त्या खुर्चीत बसल्या. "पुस्तक छापून आलं तेव्हा आई-बाबांचं लग्नसुद्धा झालं नव्हतं. आणि तांबडी कीड आली तेव्हा मी शाळेत जात होते. मला स्वच्छ आठवतंय. त्याच्या आधी तिचं नावही कुणी ऐकलं नव्हतं. त्या हिवाळ्यात आमच्या सगळ्या पेट्या मेल्या. बाबा रिकाम्या पेटीत तोंड घालून रडले होते. उपाय सापडला तो त्यानंतर. आणि पुढे त्यांनी काही छापलंच नाही. जो येईल त्याला अंगणात उभं करून दाखवायचे."

भिंगरी पहिल्यांदाच स्थिर उभी राहिली.

रोगाच्या आधी औषध कसं छापलं जाईल? सकाळपासून दातात अडकलेलं ते हेच होतं. शहाऐंशीव्या पानावर पेटी रंगवायची गोष्ट सुरू होते, एकोणनव्वदाव्यावर ती रंगवून होते. मधलं पान रंगाचंच असणार, दुसऱ्या कशाचं? तिथे किडीचा उपाय कधीच नव्हता.

मग नसलेल्या गोष्टीचं पान कंपनी कशाला कापेल? पान असतं, तर कंपनी जिंकली असती. ते नाहीसं होण्यात फायदा एकाच माणसाचा होता. ज्याने शपथेवर लिहून दिलं होतं, की उपाय तिथे छापलेला मी वाचलाय.

आणि बाइंडरच्या आधी पुस्तक कुणी हाताळलं होतं, हे तिला ग्रंथपालांना विचारायची गरज उरली नव्हती.

५

दादा पेट्यांच्या रांगेत वाकून काम करत होता. तोंडावर जाळी, हातात माश्या शांत करायचं धुराडं. वहिनींनी दारातूनच सांगितलं, "सकाळपासून जेवले नाहीत. तुम्हीच बघा काय ते."

भिंगरी सरळ त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली. "पान कुठे आहे, दादा?"

"कंपनीला विचार."

"त्या पानावर रंग कसा द्यायचा ते लिहिलं होतं. कीड आली पुस्तकानंतर. वकीलबाईंना हे ठाऊक आहे. उद्या त्या आधी तुझं शपथपत्र वाचतील, मग तारखा वाचतील. तुझं काय होईल ते सोड, संघाचं पुढे कोण ऐकून घेईल?"

दादाने धुराडं खाली ठेवलं. मग त्याने जाळी वर केली. त्याचे डोळे लाल झाले होते, धुराने की कशाने कोण जाणे.

"मी गुरुजींच्या अंगणात उभा राहून शिकलोय गं," तो म्हणाला. "त्यांनी माझा हात धरून पट्टी लावून दाखवली. पहिल्या सुनावणीत हेच सांगितलं, तर अधिकारी म्हणाले, तुम्ही तर हरकतदार, तुमच्या शब्दाला काय आधार? छापील काही आहे का? पुस्तक सापडलं तेव्हा मी वेडा झालो होतो आनंदाने. उभ्या उभ्या पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. कुठेच नव्हतं. कुठेच! मग... हाताला लागलं ते पान काढलं. खोटं कुठे बोललो मी? उपाय खरा होता. फक्त छापलेला नव्हता."

"आणि पान?"

त्याने धुराड्याकडे पाहिलं.

जन्मभर हा माणूस सांगत आला होता, की विद्या कोंडून ठेवणं पाप आहे. आणि जगातली शेवटची प्रत त्यानेच फाडली होती. कुंपणानेच शेत खाल्लं होतं.

"उद्या त्यांच्या आधी तू बोलायचंस," भिंगरी म्हणाली. "सगळं."

"मग पेटंट त्यांना मिळेल."

"मिळो."

उघड्या पेटीतलं काम तसंच टाकता येत नाही म्हणून दादा पुन्हा वाकला, एक पट्टी उचलली आणि टांगली. भिंगरी पाहत होती. पुढच्या पेटीतही त्याच जागी. त्याच्या पुढच्याही.

"तू नेहमी डावीकडून तिसऱ्याच फटीत का टांगतोस?"

"गुरुजी तिथेच टांगायचे."

"पण का?"

"का म्हणजे? तशीच पद्धत आहे. सगळेच टांगतात."

कंपनीचा अर्ज तिने इतक्यांदा वाचला होता, की शब्द न् शब्द डोळ्यांपुढे होता. "सदर पट्टी डावीकडून तिसऱ्या फटीत बसवावी." कारण दिलेलं नव्हतं.

ती आली तशी धावत सुटली.

६

डॉक्टर दवाखान्याला कुलूप लावत होत्या. भिंगरीने रस्त्यावरच अर्ज त्यांच्यापुढे धरला. त्यांनी ती ओळ वाचली, पुन्हा वाचली, आणि चक्क हसू लागल्या. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं.

"बाबांचा उजवा खांदा निखळलेला होता," त्या म्हणाल्या. "तरुणपणी झाडावरून पडले, तो नीट बसलाच नाही. पेटीच्या डाव्या अंगाला उभं राहून डाव्या हाताने काम करायचे. तो हात न अवघडता तिसऱ्या फटीपर्यंतच पोचायचा. बस्स, म्हणून तिथे. दहाव्या फटीत लावली असती तरी चाललं असतं. बाई, यांनी माझ्या बापाचा खांदा पेटंट केलाय!"

"हे उद्या सांगाल?"

डॉक्टरांनी अर्ज परत केला. मग म्हणाल्या, "तुमच्या भावासाठी नाही सांगणार."

"त्याच्यासाठी नकोच. पान त्यानेच कापलंय. जाळलंय."

हे सांगायची काही गरज नव्हती. सांगितलं नसतं, तर काम सोपं झालं असतं. डॉक्टर तिच्याकडे पाहत राहिल्या. कुलूप त्यांच्या हातात तसंच होतं.

"बाबांचे शिष्य आणखी कुणीकुणी आहेत," त्या म्हणाल्या. "डोंगरापलीकडे. त्यांना तुमचा संघ ठाऊक नाही, तुमचा भाऊही नाही. चला आत. फोन करू."

सकाळी वाचनालयाच्या वाचनकक्षात वकीलबाई उभ्या राहिल्या, एवढ्यात दादा उठला. त्याने काहीही आडपडदा ठेवला नाही. पान मी कापलं, मी जाळलं, त्यावर उपाय नव्हता, शपथपत्र खोटं आहे. ग्रंथपालांनी तोंडावर हात घेतला. वकीलबाईंनी हातातला तारखांचा कागद हळूच घडी करून ठेवला. आता त्याचा उपयोग राहिला नव्हता.

"मग हरकतीत उरलं काय?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"माणसं," भिंगरी म्हणाली.

डोंगरापलीकडून तीन म्हातारे आले होते. अधिकाऱ्यांनी एकेकाला वेगळं आत घेतलं, पुढे रिकामी पेटी ठेवली आणि हातात पट्टी दिली. तिघेही पेटीच्या डाव्या अंगाला उभे राहिले. तिघांनीही तिसऱ्या फटीत पट्टी टांगली. "का?" विचारल्यावर एक म्हणाला, "गुरुजींची रीत." दुसऱ्याने खांदे उडवले. तिसरा चिडून म्हणाला, "मग काय चौथ्यात टांगू?"

त्यानंतर डॉक्टरांनी खांद्याची हकीकत सांगितली. अधिकारी कंपनीच्या संशोधकाकडे वळले.

"तुम्ही तिसरीच फट का निवडली?"

"चाचण्यांमध्ये तीच उत्तम ठरली."

"दुसऱ्या फटी तपासल्या होत्या?"

संशोधकाने वकीलबाईंकडे पाहिलं. त्या खिडकीबाहेर पाहत होत्या.

"नाही," तो म्हणाला. आणि मग, कुणी न विचारताच, "एकदा सुट्टीत एका मधपाळाकडे पाहिलं होतं."

७

पेटंट नाकारलं गेलं. संघाने पेढे वाटले नाहीत, पण माणसं मोकळा श्वास घेऊ लागली. दादाला त्यात जागा नव्हती. अध्यक्षपद गेलं, वाचनालयाचं दार त्याला बंद झालं, खोट्या शपथपत्राचा खटला उभा राहिला. भिंगरीने त्याच्याविरुद्ध साक्ष दिली. आपलेच दात, आपलेच ओठ. वहिनी पुष्कळ दिवस तिच्याशी बोलल्या नाहीत. दादा मात्र बोलला. "तू गप्प बसली असतीस तर मला तुझी भीती वाटली असती," एवढंच म्हणाला.

डॉक्टरांनी पुस्तक खुलं केलं. कुणीही वाचावं, उतरवून घ्यावं, छापावं. अट एकच, बाबांचं नाव राहू द्यावं. ग्रंथपालांनी नव्या संगणकावर स्वतःच्या हाताने एकेक पान चढवलं. सत्त्याऐंशी आणि अठ्ठ्याऐंशीच्या जागी दोन पांढरी पानं ठेवली.

कुठल्या कुठल्या देशांतून लोक वाचू लागले. एके दिवशी एका अनोळखी बाईचा निरोप आला. ती ओल्या हवेच्या बेटावर माश्या पाळत होती, आणि दर वर्षी तिच्या पेट्या कुजत होत्या. बाजारच्या रंगाने माश्या मरत होत्या. गुरुजींनी माश्यांना न बाधणारा रंग घरीच करायला सांगितलाय, हे तिला शहाऐंशीव्या पानावरून कळलं होतं. "पण तो कसा करायचा ते पान कोरं दिसतंय," तिने लिहिलं होतं. "कृपा करून ते पाठवाल का?"

डॉक्टरांना तो रंग ठाऊक नव्हता. म्हाताऱ्यांनाही नव्हता. ते पान वाचलेला जिवंत माणूस एकच होता.

भिंगरीने निरोप दादाला वाचून दाखवला. तो डोळे मिटून बसला. "जवसाचं तेल होतं," तो पुटपुटला. "मेण होतं. आणि एक तिसरं काहीतरी... मी भराभर वाचत होतो गं. मी कीड शोधत होतो. रंगाकडे माझं लक्षच नव्हतं."

त्याने अंगणात चूल मांडली. तेल घातलं, मेण घातलं, कधी राळ, कधी राख. फळीवर हात मारला, फळी पाण्यात बुडवली, दुसऱ्या दिवशी काढली, फेकली. कित्येक फळ्या झाल्या. भिंगरी रोज येई, येरझारा घाली, वास घेई, मान हलवी. रंग काही जमेना.

शेवटी एका दुपारी तो हात धुऊन टेबलाशी बसला. बेटावरच्या बाईला उत्तर द्यायला हवं होतं.

"काय लिहू?" त्याने विचारलं.

"जे आहे ते."

त्याने पेन उचललं. पहिलं वाक्य लिहायला त्याला फार वेळ लागला. भिंगरी त्याच्या शेजारच्या खुर्चीत बसली, आणि तो लिहून होईपर्यंत उठली नाही.

"ताई," त्याने लिहिलं होतं, "ते पान मी जाळलं."